एका साइड ड्रमचा पंचनामा

जुन्या वाद्यांची पारख करण्यात आयुष्य घालविलेल्या माणसांचा एक अलिखित दंडक आहे: ओळख पटल्यावाचून भाव बोलू नये आणि भाव ठरल्यावाचून वस्तू पुसू नये. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत, जेथे गंजलेला बोल्ट दिसताच कारागिराचा हात आपोआप पॉलिश पेपरकडे वळतो, तेथे हा दंडक पाळणे किती कठीण असते, हे एका जुन्या साइड ड्रमच्या तपासणीस बसण्याचा योग आला तेव्हा माझ्या चांगलेच ध्यानात आले.

२०१७ च्या जानेवारीत महापालिकेने अंबड लिंक रोडवरील भंगार बाजारावर मोठी मोहीम काढली, त्यापूर्वी कधीतरी तेथून पितळी सामानाच्या ढिगाबरोबर हा ड्रम एका लहान कारखानदाराच्या पदरी पडला आणि त्यांच्या गोदामात धूळ खात राहिला. तो विकावा, शाळेच्या बँडला द्यावा की शोभेसाठी कार्यालयात ठेवावा, याचा निर्णय होईना, म्हणून त्यांनी मुंबईत वाद्यदुरुस्तीचे काम शिकलेल्या एका वयोवृद्ध गृहस्थांना पाचारण केले. या गृहस्थांना तेथे सगळे ‘काका’ म्हणत. मीही तसेच म्हणतो.

ढोल-ताशावर पोसलेल्या नाशिककराच्या कानाला साइड ड्रमचा नाद परका नसला, तरी त्याची रचना ताशाहून भिन्न आहे. ताशाचा कडकपणा आवळलेल्या पानातून येतो. साइड ड्रमला मात्र वर जाड आणि खाली अतिशय पातळ अशी दोन पाने असून खालच्या पानाला चिकटून तारांची एक पट्टी ताणलेली असते, आणि काठीचा आघात वर होताच ती खाली थरारून वाद्याला त्याचा सुपरिचित खरखरीत स्वर देते. बाजूचा खटका सोडला की तारा पानापासून अलग होतात व तेच वाद्य क्षणात मुके, पोकळ वाजू लागते. काकांनी प्रथम हा खटका वरखाली करून पाहिला, आणि तो चालतो आहे एवढेच नमूद करून पुढे सरकले.

ड्रमच्या पिंपावर, म्हणजे त्याच्या गोल सांगाड्यावर, कंपनीची मुद्रा नव्हती. ती जेथे होती तेथे मोत्यासारख्या चमकत्या आवरणाचा एक लहानसा भाग मूळच्या पांढऱ्या रंगात उरला होता, बाकी सारे आवरण पिवळसर झाले होते. मालकांना याचे फार वाईट वाटले. काका म्हणाले, “साहेब, मुद्रा असती तरी मी तिची साक्ष शेवटीच काढली असती.” मोडी कागदाची परीक्षा करणारा संशोधक ज्याप्रमाणे शिक्क्यावर न भुलता कागदाचा पोत, शाई आणि अक्षराचे वळण पाहतो, त्याप्रमाणेच येथेही सुट्या पुराव्यांचा मेळ बसवावा लागतो, असे त्यांचे मत. मुद्रा उखडून दुसऱ्या ड्रमवर ठोकता येते. आणि अस्सल मुद्राही पुष्कळदा संदिग्धच बोलते. शिकागोच्या लुडविग कंपनीने १९६० च्या दशकात आपल्या मुद्रांवर क्रमांक घालण्यास प्रारंभ केला. परंतु कामगार त्या मुद्रा क्रम न पाहता हाताला येतील तशा ठोकीत असल्यामुळे, नुसत्या क्रमांकावरून साल सांगणारा हमखास फसतो.

तपासणी लोहचुंबकापासून सुरू झाली. पिंप धातूचे असेल तर चुंबक चिकटतो की नाही यावरून पोलाद एकीकडे आणि पितळ व ॲल्युमिनियम दुसरीकडे अशी वाटणी होते. मग वजन आणि आतला ओरखडा पाहून उरलेल्या दोघांतला भेद कळतो. ॲल्युमिनियमवरील क्रोमला कालांतराने फोड येऊन पापुद्रे सुटतात, पितळेवरचे क्रोम त्या मानाने टिकते. येथे पिंप लाकडाचे होते, त्यामुळे चुंबकाचे काम कडी आणि बोल्ट यांपुरतेच उरले. काकांनी खालचे पान काढून आत विजेरीचा झोत टाकला तेव्हा पातळ लाकडाचे थर आणि दोन्ही काठांना आतून बळकटी देणारी लाकडी कडी स्पष्ट दिसली. आत रंगाचा नवा हात नव्हता, करवतीची खूण नव्हती, जादा भोके नव्हती. त्यांच्या वहीत ‘पिंप अबाधित’ अशी नोंद झाली.

यापुढचा पुरावा मात्र अंबडखेरीज अन्यत्र इतक्या सुलभतेने मिळाला नसता. शेजारच्या शेडमधील टर्नरला बोलावून एक ताणाचा बोल्ट त्याच्या हाती दिला. त्याने आट्यांना गेज लावले, उजेडाकडे धरून पाहिले, आणि म्हणाला, “काका, हे आटे मीटरचे नाहीत. बीएसडब्ल्यू आहेत, पंचावन्न अंशाचे.” जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने १८४१ मध्ये सुचविलेल्या या बीएसडब्ल्यू (ब्रिटिश स्टँडर्ड व्हिटवर्थ) आट्यांचा कोन ५५ अंशांचा, तर अमेरिकन आणि मेट्रिक आट्यांचा ६० अंशांचा. लुडविगसारख्या अमेरिकन ड्रमच्या बोल्टांना इंचाला २४ आटे असतात. हा बोल्ट त्या वंशातला नव्हता. वाद्याची जन्मभूमी इंग्लंड, असा दाखला त्याच्या आट्यांनीच दिला. त्याच टर्नरने तीन बोल्ट बाजूला काढून “हे आपल्याकडचे, लेथवर काढलेले,” असेही सांगितले.

मग १४ इंची नवे प्लॅस्टिकचे पान बसवून पाहिले. ते काठावर अडकले, खाली उतरेना. जगभर पाने एकाच मापाची होण्यापूर्वी इंग्लंडच्या प्रीमियर कंपनीची पिंपे आजच्या मापापेक्षा किंचित मोठी असत, आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत हा प्रकार चालू होता. १९५७ च्या सुमारास प्लॅस्टिकची पाने बाजारात येईपर्यंत तर सर्वत्र कातड्याचीच पाने वापरात होती. ओतीव कडी, बोल्ट धरणाऱ्या लगांची घडण आणि खटक्याची ठेवण काकांनी जुन्या कॅटलॉगातील चित्रांशी ताडून पाहिली आणि निर्णय दिला: प्रीमियर, १९६० च्या दशकाच्या अखेरीपूर्वीचा. १९२२ मध्ये आल्बर्ट डेला पोर्टा यांनी लंडनमध्ये स्थापिलेली ही कंपनी १९४० च्या बाँबवर्षावात कारखाना उद्ध्वस्त झाल्यावर लेस्टरकडे गेली, आणि लष्करी बँडांपासून नृत्यगृहांपर्यंत तिची वाद्ये पसरली.

मालकांनी उत्साहाने विचारले, “म्हणजे देवळाली छावणीतल्या गोऱ्या पलटणीचा असेल?” काकांनी मान हलविली. “संभव आहे, दाखला नाही. दाखला नसेल तर त्याची किंमत शून्य धरायची.” दाखल्याचे महत्त्व केवढे, हे २०१५ मध्ये जगाने पाहिले: बीटल्सच्या रिंगो स्टारचा लुडविग संच लिलावात २० लाख डॉलरहून अधिक किमतीला गेला. वाद्य म्हणून त्याच्या जोडीचे संच त्या काळी पुष्कळ बनले होते. पैसा मोजला गेला तो वाजविणाऱ्याच्या निर्विवाद नावासाठी. आणि दैवगती अशी की, लुडविगकडे वळण्यापूर्वी हाच रिंगो प्रीमियर वाजवीत असे. तथापि आजही त्याच वयाचा प्रीमियर लुडविगच्या मानाने स्वस्तच मिळतो.

मूल्यांकनासाठी काकांनी वहीचे पान उभे दुभागले. डावीकडे संग्राहकाचा हिशेब: अबाधित पिंप आणि चालता खटका जमेस, हरवलेली मुद्रा, तीन परके बोल्ट आणि पिवळे आवरण खर्ची. उजवीकडे वादकाचा हिशेब: तेथे परके बोल्ट खर्ची पडत नाहीत, कारण ते ताण उत्तम धरतात, तेथे खरा तोटा एवढाच की बाजारचे पान बसत नाही. भाव काढताना विक्रेत्यांनी मागितलेल्या किमती त्यांनी विचारात घेतल्या नाहीत. प्रत्यक्षात मोजल्या गेलेल्या किमती तेवढ्या घेतल्या, आणि परदेशी गिऱ्हाइकाला सोसावा लागणारा वाहतुकीचा खर्च त्यांतून वजा केला.

यावर कारखानदारांनी साहजिकच आपल्या धंद्याला साजेसा उपाय सुचविला: काठ लेथवर थोडा उतरवावा म्हणजे नवे पान बसेल, आणि कड्यांना नवे क्रोम चढवावे म्हणजे गिऱ्हाईक खूश होईल. काकांनी दोन्ही गोष्टी नाकारल्या. काठ उतरविला की डाव्या रकान्यातील मुख्य जमा पुसली जाते व ती पुन्हा कोणत्याही उपायाने भरून येत नाही. नव्या क्रोमखाली जुन्या कारखान्याचे काम कायमचे गाडले जाते. त्यांचा उपाय निराळा होता. टर्नरने जुन्या मापाचे कडे वळवावे, आणि ढोलाची पाने मढविणाऱ्या कारागिराने त्यावर बकऱ्याचे पातळ कातडे चढवावे. पावसाळी हवेत ते सैल पडेल हे खरे, परंतु ताणाचे बोल्ट त्यासाठीच असतात.

मला यात व्यवहाराचे एक सूत्र दिसले. जुन्या वस्तूचे मोल टिकवायचे असेल तर जे पुन्हा करता येते ते बदलावे आणि जे पुन्हा करता येत नाही त्यास हात लावू नये. पान उद्या दुसरे मढविता येईल, पिंपाचा काठ नाही. अंबडच्या कारागिरीला या नियमात कमीपणा नाही. उलट जुन्याला नव्याच्या मापाचे करण्यापेक्षा नवे काही जुन्याच्या मापाचे घडविणे, हे तिच्या कौशल्याला अधिक मोठे आव्हान आहे. मालकांनी तूर्त विक्रीचा विचार रहित करून कड्याचे माप टर्नरकडे दिले, आणि काकांनी वहीतील पंचनाम्याची प्रत त्यांच्या स्वाधीन करताना एक कलम वाढविले: काढलेला कोणताही भाग, मग तो कितीही गंजलेला असो, फेकू नये, पाकिटात घालून ड्रमबरोबरच ठेवावा.