चिमुकला जपानी ट्रक की रानवाटांची गाडी?

अमेरिकेतील शेतकरी म्हटला की डोळ्यांसमोर उभा राहतो तो क्षितिजापर्यंत पसरलेला गहू आणि त्यातून चाललेले घराएवढे यंत्र. हे चित्र खोटे नव्हे. पण अपुरे आहे. टेनेसी, मिसूरी, व्हरमाँट या राज्यांच्या डोंगराळ भागांत पन्नास-शंभर एकरांवर गुरे, मेंढ्या आणि भाजीपाला सांभाळणारी कुटुंबे आजही पुष्कळ आहेत. त्यांचे रोजचे काम मोठे नसते, पण ते संपत नाही. कुंपणाची तुटलेली तार जोडावयाची, पलीकडच्या गोठ्यात पेंडीची पोती पोहोचवावयाची, आजारी वासरू घरी आणावयाचे. एवढ्यासाठी दोन टनांहून अधिक वजनाचा पिकअप ट्रक काढला तर पेट्रोल जाते, आणि ओल्या कुरणात चाकोऱ्या पडून गवताची नासाडी होते ती वेगळीच.

या कामासाठी त्या शेतकऱ्यापुढे आज दोन वाहने उभी आहेत. एक, जपानमधून आणलेला जुना चिमुकला ट्रक. दुसरे, खास रानावनांत फिरण्यासाठी तयार केलेली उघडी चारचाकी, जिला तिकडे 'यूटीव्ही' किंवा शेजारी-शेजारी बसण्याची म्हणून 'साइड-बाय-साइड' असे म्हणतात. दोन्ही लहान, दोन्ही चारही चाकांना जोर देणारी, दोन्ही मागे हौदा असलेली. वरवर पाहता निवड किमतीची वाटते. वस्तुतः ती किमतीची नाही. आपल्या जमिनीची आणि त्या जमिनीला लागून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्याची आहे.

प्रथम जपानी ट्रकाविषयी. युद्धानंतरच्या जपानमध्ये पैसा कमी आणि गल्ल्या अरुंद. १९४९ साली तेथील सरकारने 'केई' म्हणजे हलकी वाहने असा एक स्वतंत्र वर्ग निर्माण केला. आकार आणि इंजिन ठरावीक मर्यादेत ठेवा, त्याबदली कर कमी भरा, असा तो व्यवहार होता. मर्यादा पुढे हळूहळू वाढत गेल्या. १९९० पासून इंजिन ६६० घनसेंटिमीटर, लांबी ३.३ मीटर आणि रुंदी १.४ मीटर, १९९८ मध्ये लांबी ३.४ आणि रुंदी १.४८ मीटर झाली. ट्रकावर लादण्याचा माल मात्र ३५० किलोंपर्यंतच. दाइहात्सूचा हायजेट १९६० साली आला, सुझुकीचा कॅरी आणि सुबारूचा सांबर १९६१ साली आले, होंडाचा ॲक्टी १९७७ साली. भातखाचरांच्या बांधांवरून जाणारी ही गाडी जपानी शेतकऱ्याच्या घरची बैलगाडीच झाली म्हणावयाची. सांबरची एक आवृत्ती तर शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांमार्फत विकली जात असे.

मराठी वाचकाला हे वाहन अगदीच परके नाही. १९८४ साली आपल्याकडे आलेली मारुतीची व्हॅन, जी पुढे ओम्नी नावाने घरोघर माहीत झाली, ती या कॅरीच्याच कुळातील. चालकाच्या पुढे नाक नाही, इंजिन आसनाखाली, गुडघ्यांपुढे केवळ पत्रा, ही तिची ठेवण ज्यांनी पाहिली आहे त्यांना जपानी ट्रकाचे गुणदोष निराळे सांगण्याची गरज नाही. सुकाणू उजवीकडे असल्याचेही आपल्याला नवल नाही; अमेरिकन चालकाला मात्र डाव्या हाताने गिअर टाकण्याची सवय करून घ्यावी लागते.

दुसऱ्या गाडीचा वंश निराळा. कावासाकीने १९८८ साली 'म्यूल', म्हणजे खेचर, या नावाची गाडी बाजारात आणली, आणि नाव किती चपखल होते हे काळाने दाखवून दिले. मागोमाग जॉन डिअर, पोलारिस, कुबोटा आदी कंपन्या या धंद्यात उतरल्या. या गाड्यांची चाके रुंद आणि मऊ. त्यांत हवा थोडी भरतात, म्हणून ती चिखलावर पसरतात, रुतत नाहीत. मोठ्या गाड्यांचे पोट जमिनीपासून तीस सेंटिमीटरच्या आसपास उंच असते. जपानी ट्रकाचे त्याच्या निम्म्याहून थोडे अधिक. ओढ्यातील धोंडे, तोडलेल्या झाडांचे खुंट, बर्फ वितळल्यानंतरचा राडा अशा ठिकाणी ट्रकाने कितीही हिंमत धरली तरी त्याचे पोट टेकते. खेचर निघून जाते.

येथवर सारे जमिनीचे झाले. पण शेतकरी केवळ आपल्या जमिनीवर राहत नाही. पुष्कळांची शेते सरकारी रस्त्याने दुभंगलेली असतात. धान्याचे दुकान, पशुवैद्य आणि शेजाऱ्याचा गोठा रस्त्यापलीकडे असतो. आणि रस्ता आला की कायदा येतो.

अमेरिकेच्या १९८८ च्या आयात-वाहन कायद्याचा निर्बंध असा, की त्या देशाच्या सुरक्षिततेच्या कसोट्यांस न उतरलेले परदेशी वाहन, त्याच्या निर्मितीला २५ वर्षे पूर्ण झाल्यावाचून, रस्त्यासाठी आणता येत नाही. धुराविषयीच्या नियमांतून सूट मिळण्यास २१ वर्षे पुरतात. शेजारच्या कॅनडात आयातीची ही अट १५ वर्षांची आहे. गंमत अशी, की त्यामुळे नवा, अधिक सुरक्षित जपानी ट्रक बंदरात अडतो आणि पाव शतक राबलेला म्हातारा खुशाल आत येतो. शिवाय परदेशी ट्रकांवर २५ टक्के जकात बसते. तिचे मूळ ट्रकांत नाहीच. युरोपीय देशांनी अमेरिकन कोंबड्यांवर कर लादला, त्याचे उट्टे म्हणून १९६४ साली ती लागू झाली. कोंबड्यांचे भांडण कधीच मिटले, जकात राहिली.

तरीही हा म्हातारा स्वस्त पडतो. जपानमध्ये ठरावीक काळाने होणारी सक्तीची तपासणी आणि जुन्या वाहनांवरील वाढता कर यांमुळे मालक तो लवकर विकून टाकतात. जहाजभाडे आणि जकात धरूनही चांगला ट्रक अमेरिकन शेतकऱ्याला साधारण पाच ते दहा हजार डॉलरांत मिळतो. नवी यूटीव्ही घ्यावयाची तर साधारण दहा हजारांपासून तीस हजारांपर्यंत आणि त्याहूनही वर जावे लागते. शिवाय ट्रकाला दारे, काच, पाणी पुसणारे वायपर आणि हिवाळ्यात ऊब देणारा हीटर मुळातच असतात. यूटीव्हीला या गोष्टी बहुधा निराळे पैसे मोजून बसवाव्या लागतात.

परंतु बंदरातून सुटला म्हणजे ट्रक रस्त्यावर आला असे नव्हे. आयातीची परवानगी केंद्र सरकार देते, नंबराची पाटी देणे राज्याच्या हाती. राज्यांच्या मोटारवाहन अधिकाऱ्यांच्या संघटनेने या ट्रकांना रस्त्यावर येऊ देऊ नये असा सल्ला दिला, आणि काही राज्यांनी तो मानला. मेनसारख्या राज्यात तर आधी दिलेल्या नोंदण्या मागाहून रद्द करण्यात आल्या. ज्याने रीतसर कर भरून, विमा उतरवून गाडी वापरली, त्याच्या हाती एके दिवशी पत्र येते की ही गाडी आता रस्त्यावर चालणार नाही. गाडी तीच, चालक तोच. केवळ कागद बदलला आणि तिची निम्मी उपयुक्तता गेली. टेक्सस आणि मॅसॅच्युसेट्स या राज्यांनी २०२४ साली मालकांच्या तक्रारींनंतर आपला नकार मागे घेतला. तेव्हा आपल्या राज्याचा आजचा नियम काय, हे पैसे मोजण्याच्या आधी लेखी विचारून घेणे हेच या खरेदीतील पहिले काम. यूटीव्हीच्या बाबतीत निदान भ्रम नसतो. ती रस्त्यासाठी बनवलेलीच नाही. काही राज्यांत शेतकऱ्याला रस्ता ओलांडण्याची किंवा कडेने थोडे अंतर जाण्याची मुभा असते, एवढेच.

जिवाच्या प्रश्नावर दोन्ही गाड्यांचे वकील एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि दोघांचेही थोडे खरे आहे. ट्रकाचा धोका समोरून येतो. पुढे इंजिनाचे नाक नसल्याने धडक झाली की ती थेट चालकाच्या पायांवर बसते, आणि ताशी शंभर किलोमीटरच्या रहदारीत ६६० घनसेंटिमीटरचे इंजिन आक्रंदत असते. यूटीव्हीचा धोका बाजूने येतो. उंच पोट आणि आखूड बांधा यांमुळे वळणावर ती कलंडते. कलंडताना बसलेला माणूस नकळत हात-पाय बाहेर टाकतो आणि तेच सापडतात. एका प्रसिद्ध कंपनीच्या गाड्यांबाबत पन्नासांहून अधिक अपघातांची चौकशी झाली. त्यांत ४६ माणसे दगावली होती. २००९ साली अमेरिकेच्या ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षितता आयोगाने त्या कंपनीसह दुरुस्तीची मोहीम जाहीर केली. मागील चाके थोडी बाहेर सरकवणे आणि मागचा एक दांडा काढून टाकणे एवढाच तो उपाय होता. मऊ चाके कठीण डांबरावर अनपेक्षित पकड घेतात, म्हणून गाडीबरोबरच्या पुस्तिकेतच पक्क्या रस्त्याविरुद्ध ताकीद असते. ती वाचणारे थोडे.

ओझ्याच्या बाबतीत ट्रक सरस आहे, आणि त्याचे कारण वजन नव्हे. मोठी यूटीव्हीही चारशे-साडेचारशे किलो हौद्यात घेते. पण ट्रकाचा हौदा सुमारे दोन मीटर लांब, सपाट आणि बुटका. तिन्ही फळ्या खाली पडतात. पन्नास पौंडांची पंधरा पोती एकट्या माणसाला बाजूने सरकवून उतरवता येतात. साठीच्या शेतकऱ्याच्या पाठीला हा फरक चांगलाच कळतो. उलट, सुटा भाग मोडला तर यूटीव्हीचा तालुक्याच्या दुकानात मिळतो, आणि ट्रकाचा जपानहून येईतो गवत कापणीचा हंगाम निघून जातो.

समजा, एका कुटुंबाची ऐंशी एकर सपाट, निचऱ्याची जमीन गावरस्त्याच्या दोहो बाजूंस आहे आणि राज्य नंबर देते. तेथे ट्रक घ्यावा. दुसरी गाडी म्हणजे पैशाचा अपव्यय. दुसऱ्याची जमीन एकसंध, पण ओढ्यांची, जंगलाची आणि चढाची आहे. त्याने स्वस्ताईला भुलून ट्रक घेतला तर पहिल्याच वसंतात तो ट्रॅक्टरने ओढून काढावा लागेल. अडचण तिसऱ्याची आहे, ज्याची जमीनही वाईट आणि रस्ताही मधून जातो. त्याने यूटीव्ही जमिनीवर ठेवावी आणि रस्त्यासाठी आपला जुना पिकअप मोडू नये, हे बरे.

ट्रक घ्यावयाचे ठरलेच, तर विक्रेत्याच्या छायाचित्रांवर विसंबू नये. जपानच्या हिमाळ प्रांतांत रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे खालचा सांगाडा आतून कुजतो आणि वरचा रंग तसाच चकचकीत राहतो. गाडी उचलून हातोडीने ठोकून पाहावी. चारही चाकांचा जोर चिखलात नेऊन तपासावा. आणि निर्मितीचा महिना जपानी कागदावर वाचून घ्यावा, कारण २५ वर्षांचा हिशेब त्या महिन्यापासून होतो, आणि एक महिना कमी भरला तरी गाडी बंदरातच अडते.