पाण्याची रांग आणि लंगरची पंगत

2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं आणि लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. 12 एप्रिलला पोचलेल्या पहिल्या गाडीत सुमारे 5 लाख लिटर पाणी होतं. त्याआधी मार्चमध्येच पाणीसाठ्यांभोवती जमावबंदी लागू झाली होती. दुष्काळ सगळ्यांना सारखाच, असं म्हणायची पद्धत आहे. ते खरं नाही. ज्याच्याकडे पैसा आणि मोठी टाकी, तो फोन करून टँकर मागवतो. ज्याच्याकडे चार घागरी, तो उन्हात उभा राहतो. टँकरवाला तोच, पण बंगल्यापुढे ‘साहेब’ आणि वस्तीत ‘ए, मागं सरक’.

कोण कोणाला ताटकळत ठेवू शकतो आणि कोण कोणाशी कसं बोलू शकतो, यात वर्ग दिसतो. सालगड्याचंच बघा. पाडव्याला वर्षाचा बोलीचा करार, बहुधा आगाऊ उचल घेऊन. ती फिटेपर्यंत मालकापुढे आवाज चढवायची सोय नाही. बापाच्या वयाच्या गड्याला मालकाचा पोरगा ‘अरे’ म्हणतो. त्यात जात मिसळली की चहाचा कपही वेगळा होतो. आणि मराठवाड्यात ती सहसा मिसळलेलीच असते.

नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरात माणसांना असं वेगळं ठेवण्याच्या सवयीला मुद्दाम छेद दिला जातो. सगळ्यांनी जमिनीवर एका पंगतीत बसायचं, एकच अन्न खायचं. पैसेवालेही तिथं सेवा म्हणून भांडी घासतात. तुमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंना चहा कोणत्या कपात मिळतो, तेवढं मात्र बघा.