ऑपरेशनआधीची पंचवीस वर्षं

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. धुळ्याकडून सुरतेला निघालेली गाडी कोंडाईबारीचा घाट उतरली की नवापूर तालुक्यातली विसरवाडी लागते. महामार्गावरचं बाजाराचं गाव, आजूबाजूला डोंगरउतारावरचे पाडे, कानावर मावची, कोकणी, भिली आणि बाजारपुरती अहिराणी-मराठी. त्या वर्षी अशा एखाद्या पाड्यावर जन्मतःच मूत्राशय पोटाबाहेर उघडं असलेलं बाळ झालं असतं, तर त्याचं पुढे काय झालं असतं? आणि आज काय होऊ शकतं? या दोन प्रश्नांमधलं अंतर कसं कापलं गेलं, त्याचा हा मागोवा.

या व्यंगाला डॉक्टर ‘ब्लॅडर एक्स्ट्रॉफी’ म्हणतात. साधारण तीस ते पन्नास हजार जन्मांत असं एखादं मूल जन्मतं, मुलग्यांमध्ये प्रमाण जास्त. बेंबीखाली पोटाची भिंत जुळलेली नसते, मूत्राशयाची पिशवी पुढून उघडी राहते आणि तिचं लालबुंद अस्तर पोटावर दिसतं. लघवी साठत नाही, सतत झिरपते. कमरेच्या हाडांचा पुढचा सांधाही फाकलेला असतो, म्हणून मूल पुढे जरा फेंगडं चालतं. बाकी मूल बहुतेक वेळा धडधाकट असतं, बुद्धीला काही झालेलं नसतं, किडन्याही जन्मतः सहसा चांगल्या असतात. म्हणजे हे मूल जगणारं असतं. ते कसं जगणार, एवढाच प्रश्न असतो.

१९९८ साली त्याचं उत्तर फार कठीण होतं. पाड्यावरची बहुतेक बाळंतपणं घरीच होत. व्यंग दिसायचं सुईणीला, मग घरातल्या थोरल्यांना, मग भगताला. ग्रहणात आईने काही चिरलं असेल, कुणाची नजर लागली असेल, असं बोललं जायचं. हा बोल आईच्या वाट्याला यायचा आणि तो ती वर्षानुवर्षं वाहायची. खरं तर ही घडण बिघडते गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत. तिचं नेमकं कारण जगात कुणालाही सापडलेलं नाही. आईच्या खाण्यापिण्याचा, कामाचा, ग्रहणाचा त्याच्याशी संबंध नाही. यावरचा उपाय म्हणजे ऑपरेशन, आणि मुलाच्या त्यासाठीच्या तयारीची सुरुवात इथून करावी लागते. आईच्या मनावरचं ओझं उतरल्याशिवाय ती मुलाला उचलून दवाखान्यात आणत नाही.

त्या काळी सरकारची जीवनदायी योजना होती, १९९७ मध्ये सुरू झालेली. ती हृदय, मेंदू, किडनी अशा मोजक्या मोठ्या आजारांपुरती होती. पाड्यावरून तिच्या कागदपत्रांपर्यंत पोचणं हीच एक लढाई होती.

पहिला खरा फरक पडला २००५ नंतर. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून गावागावांत ‘आशा’ या आरोग्यसेविका आल्या. जननी सुरक्षा योजनेमुळे बाळंतपणं दवाखान्याकडे वळू लागली. याचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. बाळ दवाखान्यात जन्मलं आणि नर्सला हे व्यंग ओळखता आलं, तर पहिल्या तासाभरातच तिच्या हातून ऑपरेशनची तयारी सुरू होते. नाळेला प्लास्टिकचा चिमटा लावायचा नाही, कारण तो उघड्या मूत्राशयावर घासतो. दोऱ्याने नाळ बांधायची. त्या लाल अस्तरावर कोरडी पट्टी किंवा कापूस ठेवायचा नाही, तो चिकटतो आणि काढताना अस्तर सोललं जातं. मलम फासायचं नाही. स्वच्छ, निर्जंतुक मिठाच्या पाण्याने धुवायचं आणि स्वयंपाकघरात पोळ्या गुंडाळायला वापरतात तशा पातळ, पारदर्शक प्लास्टिकने झाकायचं, वरून लंगोट. दर वेळी लंगोट बदलताना प्लास्टिकही बदलायचं. ही कृती आईला एकदा नीट करून दाखवली की तिला जमते. पुढे सर्जनला मऊ, निरोगी मूत्राशय हाती मिळतं ते या रोजच्या धुण्या-झाकण्यामुळे. वर्षानुवर्षं उघडं पडून, चिंध्यांवर घासून राठ झालेलं मूत्राशय मिटवणं त्याहून कितीतरी अवघड असतं.

मग २००९ साल आलं. अहमदाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये, बी. जे. मेडिकल कॉलेजच्या बालशल्य विभागात, डॉ. राकेश जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतले डॉ. असीम शुक्ला आणि इतर तज्ज्ञांबरोबर खास या व्यंगासाठी संयुक्त काम सुरू केलं. दरवर्षी साधारण जानेवारीत बाहेरचे सर्जन येतात, इथले आणि तिथले डॉक्टर एका टेबलावर उभे राहतात. देशभरातली मुलं तिथे येतात. त्यांतली कित्येक एकदा-दोनदा ऑपरेशन फसून आलेली असतात. इतकं विरळ व्यंग एखाद्या सर्जनला आयुष्यात मोजक्याच वेळा दिसतं. हात बसायचा तर मुलं एका ठिकाणी यावी लागतात. नंदुरबारच्या माणसाला गुजरात परका नाही. नवापूरचं रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे. मजुरीला, बाजाराला, दवाखान्याला इथला माणूस पिढ्यान्‌पिढ्या सुरतेकडे जात आला आहे.

अडचण वेगळीच होती, आणि ती जानेवारी या महिन्यात होती. दिवाळी झाली की पाड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, बारडोली-सुरतेकडच्या कारखान्यांवर. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. कोयता म्हणजे जोडी, नवरा-बायको दोघं. एक जण मुलाला घेऊन दवाखान्यात बसला तर कोयता मोडतो आणि उचल अंगावर राहते. या ऑपरेशनला दोन-चार दिवस पुरत नाहीत. थोड्या मोठ्या मुलात कमरेची हाडं कापून जवळ आणावी लागतात, मग पाय बांधून किंवा वजन लावून चार ते सहा आठवडे मूल हलू द्यायचं नसतं. म्हणजे हंगामाचा मोठा तुकडा गेला. ‘आईबाप मुलाला आणत नाहीत’ असा शेरा मारणाऱ्याने हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

कागदांची बाजू पुढच्या काही वर्षांत बदलली. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत धुळे होतं, नंदुरबार नव्हतं. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर गेली, पुढे महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने चालू राहिली. सप्टेंबर २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजना आली. तिचं कार्ड राज्याची हद्द ओलांडून चालतं. सीमेवरच्या माणसाला ही गोष्ट तिच्या पाच लाखांच्या विमा संरक्षणाइतकीच मोलाची आहे.

तपासणीची बाजूही बदलली. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली ती पालघरला, म्हणजे आपल्याच राज्याच्या आदिवासी पट्ट्यात. दोन आयुष डॉक्टर, एक नर्स आणि एक औषधनिर्माता असं पथक गाडीने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येऊ लागलं. तपासायच्या तीस बाबींत जन्मजात व्यंगं नऊ: दुभंगलेला ओठ-टाळू, वाकडा पाय, हृदयदोष, मोतीबिंदू वगैरे. मूत्राशयाच्या या व्यंगाचं नाव त्या नवांत नाही. पण मूल पथकासमोर आलं की ते लपत नाही. अडचण मूल समोर आणण्याची असते. सतत ओलं राहणारं, वास येणारं मूल आई अंगणवाडीत बसवत नाही. ते घरी राहतं, पथक येऊन जातं. अशा वेळी कामी येते ती घरोघर फिरणारी आशा किंवा अंगणवाडीताई. “आणजो वं त्याला, मी शे ना,” एवढा तिचा शब्द पुरतो.

मूल यादीत आलं, कार्ड झालं, तारीखही मिळाली, की तयारीचा सगळ्यात लांब टप्पा सुरू होतो, आणि तो विसरवाडीच्या परिसरातच पार पाडावा लागतो. पहिली गोष्ट सिकलसेल. या पट्ट्यातल्या आदिवासी समाजांत हा रक्तदोष भरपूर आहे. त्याची पहिली चाचणी पाहण्यासारखी असते. छोट्या काचनळीतल्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकायचा, हलवायचं आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा स्वच्छ दिसल्या तर चिंता नाही. पाणी गढूळ होऊन रेघा बुडाल्या, तर मूल वाहक आहे की रुग्ण हे ठरवायला पुढची इलेक्ट्रोफोरेसिसची तपासणी. अगदी तान्ह्या बाळात ही पहिली चाचणी फसवते, म्हणून तिथे थेट पुढचीच करावी लागते. मूल रुग्ण निघालं तर भूल देणाऱ्याचं सगळं गणित बदलतं. थंडी, तहान आणि प्राणवायूची कमतरता यांनी त्याच्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि अडकतात. त्याला आधी रक्त देऊन हिमोग्लोबिन दहाच्या आसपास आणतात, उपाशी ठेवतानाही सलाईन लावतात, टेबलावर ऊब देतात. ही गोष्ट ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कळली तर तारीख जाते. गावात कळली तर तारीख टिकते.

दुसरी गोष्ट वजन आणि रक्त. अशक्त मुलाची जखम भरत नाही, टाके सुटतात, आणि या ऑपरेशनमध्ये टाके सुटले तर पुढची प्रत्येक संधी पहिलीपेक्षा अवघड होत जाते. जंताची गोळी, लोहाचं औषध, अमृत आहार योजनेतलं अंडं किंवा केळं, घरची डाळ-भाकरी तेल घालून: इथे औषधापेक्षा नेम महत्त्वाचा. महिन्याला काट्यावर चढवून आकडा लिहिणारी अंगणवाडीताई ही त्या शस्त्रक्रियेच्या पथकातलीच एक, असं मी मानतो.

तिसरी गोष्ट मुलाचं मन. चार-पाच वर्षांच्या मुलाला ‘काही दुखणार नाही’ असं सांगून नेलं तर ते पुढे कुणावरच विश्वास ठेवत नाही. चिंध्यांची बाहुली घ्यावी, तिच्या पोटावर पट्टी लावावी, दोन्ही पाय फडक्याने एकत्र बांधावेत आणि सांगावं की तुझेही असे बांधतील, काही दिवस उठायचं नाही, मी शेजारीच असेन. हे सांगायचं त्याच्या मावचीत. मोठ्या दवाखान्यात गुजराती आणि हिंदी बोलतात. मुलाला आणि आईला दोन्ही तोकड्या पडतात. बोलायला सोबत गेलेला एखादा शिकलेला मामा औषधाइतकाच उपयोगी पडतो.

आणि आईबापांची तयारी? त्यांना आधीच खरं सांगावं लागतं. एका ऑपरेशनने सगळं संपत नाही. लघवीवर ताबा यायला पुढे आणखी शस्त्रक्रिया, कधी नळीने लघवी काढण्याची सवय, किडन्यांची सोनोग्राफी, वर्षानुवर्षं तपासण्या. हे लपवून नेलेलं कुटुंब दुसऱ्या फेरीला येत नाही. समजून गेलेलं कुटुंब येतं.

पंचवीस वर्षांत सर्जन आले, योजना आल्या, १०८ची रुग्णवाहिका आली, आशा दारात आली. जे अजून आलं नाही तेही सांगितलं पाहिजे. ऑपरेशनची तारीख आणि ऊसतोडीचा हंगाम यांची सांगड कुणी घालत नाही. योजना खाटेचा, औषधाचा खर्च भरते, पण मुलाजवळ दीड महिना बसलेल्या बापाची मजुरी भरत नाही. जन्मजात व्यंग असलेल्या प्रत्येक बाळाची सिकलसेल तपासणी नाव यादीत येतानाच झाली पाहिजे, आणि मोठ्या शस्त्रक्रियेला निघालेल्या कुटुंबाला बुडालेल्या हंगामाची भरपाई मिळाली पाहिजे. आदिवासी विकासाचा पैसा यासाठी वापरणं सरकारला जड जाऊ नये. मोठ्या शहरातलं शस्त्रक्रियागृह आता विसरवाडीच्या मुलासाठी उघडं आहे. त्याच्या दारापर्यंत ते मूल सशक्त, तपासलेलं आणि धीट होऊन पोचावं, ही जबाबदारी आपल्या जिल्ह्याची आहे, आणि ती निभावण्याजोगी आहे.