‘इनिट्रॅमएफएस’चा काळा पडदा दिसला तर?

मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे वीज गेली, आणि आली तेव्हा उबुंटू सुरूच होईना. काळा पडदा, वर ‘बिझीबॉक्स’ आणि खाली ‘इनिट्रॅमएफएस’ असा प्रॉम्प्ट. डिस्कवर बाबांच्या जुन्या फोटोंचे स्कॅन, तेही एकाच जागी. पोटात गोळाच आला.

आधी झालं काय, ते बघू. फाइल लिहिताना एक्स्ट-फोर बऱ्याच नोंदी करते: कुठला ब्लॉक भरला, तो कुठल्या आयनोडचा, त्या आयनोडचं नाव कुठल्या फोल्डरात. मध्येच वीज गेली की या नोंदी जुळत नाहीत. दुकानातला रोजमेळ आणि खतावणी जुळू नये, तसं. बहुतेक वेळा जर्नल हे निस्तरतं. प्रत्येक वेळी नाही.

बिझीबॉक्स म्हणजे एकाच छोट्या प्रोग्राममध्ये बसवलेल्या अनेक कमांड. इथे माऊस नाही, पण काम होतं.

पहिलं, ‘एक्झिट’ टाइप करा. बहुधा चूक आणि पार्टिशनचं नाव दिसतं. समजा, स्लॅश डेव्ह स्लॅश एसडीए-वन.

दुसरं, ‘डीमेसेज’ बघा. ‘आय-ओ एरर’च्या ओळी दिसल्या तर थांबा! डिस्कच मरतेय. लाइव्ह यूएसबीवरून बूट करून ‘डीडीरेस्क्यू’ने दुसऱ्या डिस्कवर प्रत काढा आणि दुरुस्ती त्या प्रतीवर करा.

तिसरं, ‘एफएससीके डॅश एन’ आणि पुढे पार्टिशनचं नाव. हे फक्त तपासतं, काही लिहीत नाही.

चौथं, डॅश एनऐवजी ‘डॅश वाय’. म्हणजे प्रत्येक प्रश्नाला ‘हो’. माउंट असलेल्या पार्टिशनवर हे कधीच करू नका.

लगेच ‘एको डॉलर प्रश्नचिन्ह’ टाका. 0 म्हणजे चूक नाही, 1 म्हणजे चुका दुरुस्त झाल्या, 4 म्हणजे काही शिल्लक आहेत. आणि हो, एक्सएफएस असेल तर एफएससीके काहीच करत नाही. तिथे ‘एक्सएफएस रिपेअर’ लागतं.

माझी डिस्क सुरू झाली. काही फोटो मात्र ‘लॉस्ट अँड फाउंड’ फोल्डरात सापडले. नावं गेलेली, उरला फक्त आयनोडचा नंबर. कुठला फोटो कुणाच्या लग्नातला, ते आईला विचारून पुन्हा लिहिलं.

एफएससीके वही जुळवतो, गेलेला माल परत आणत नाही. म्हणून बॅकअप आजच घ्या. भेटू पुढच्या भागात!