बेनिनची पितळी बिबटमुखे

बेनिनच्या राजदरबारातील ओतीव बिबटमुखांना ‘मुखवटे’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. परंतु ती चेहऱ्यावर धारण केली जात नसत. सेनानायक ती कमरेवर, डाव्या बाजूस बांधीत. येथे अभिप्रेत असलेले बेनिन म्हणजे आजच्या नायजेरियातील एडो लोकांचे राज्य होय. त्याच नावाचे प्रजासत्ताक त्याहून वेगळे.

एडो परंपरेत बिबट्या हा रानाचा राजा, तर ‘ओबा’ म्हणजे राजा हा घरचा बिबट्या मानला जातो. मनुष्याचा प्राण घेण्याचा अधिकार ओबाचा. युद्धावर जाणाऱ्या नायकास तो त्याच्याकडूनच मिळे आणि बिबटमुख ही त्याची खूण असे. मुखवटा धारकाची ओळख झाकतो. बिबटमुख मात्र तो कोणाच्या सत्तेने शस्त्र उचलतो, हे उघड करी.

‘कांस्य’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या यांपैकी बहुतेक वस्तू वस्तुतः पितळेच्या आहेत. मेणाच्या आकृतीवर मातीचा साचा चढवून, मेण वितळवून काढून, त्या पोकळीत धातू ओतण्याचे काम ओताऱ्यांचा वंशपरंपरागत संघ करी. एडो भाषेत ‘स्मरणे’ या अर्थी योजल्या जाणाऱ्या एका क्रियापदाचा शब्दशः अर्थ ‘धातूत आकृती ओतणे’ असा आहे, हे या दृष्टीने लक्षणीय होय.

१८९७ मध्ये ब्रिटिश सैन्याने राजवाडा लुटला व हजारो वस्तू युरोपात गेल्या. २०२२ मध्ये जर्मनीने अशा अनेक वस्तूंची मालकी नायजेरियास दिली. वस्तूंबरोबर सूचींतील त्यांच्या संज्ञांचीही फेरतपासणी व्हावयास हवी. अन्यथा वस्तू परत जाईल आणि तिचा अर्थ मागेच राहील.