परसबाग व कुंडीतील ठेंगण्या टोमॅटोची लागवड : कर्जत व खालापूर तालुक्यांच्या विशेष संदर्भात

1. प्रास्ताविक

रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी, समुद्रकिनाऱ्यापासून आत वसलेले आहेत. उल्हास व पाताळगंगा या नद्यांच्या खोऱ्यांतील भातखाचरे, त्यांच्या कडेच्या वरकस जमिनी आणि डोंगरउतारावरील ठाकूर व कातकरी वाड्या हे येथील ग्रामीण जीवनाचे मुख्य अंग होय. नेरळ, कर्जत व खोपोली परिसरात गृहसंकुलेही झपाट्याने वाढली आहेत. खरिपात भात आणि भातकापणीनंतर जमिनीतील ओलाव्यावर वाल, असा येथील पीकक्रम आहे. स्वयंपाकात नित्य लागणारा टोमॅटो मात्र प्रामुख्याने घाटावरून, नाशिक व जुन्नर-नारायणगाव भागातून येतो.

2023 च्या जुलै-ऑगस्टमध्ये टोमॅटोचा किरकोळ भाव किलोस 100 रुपयांच्या पुढे गेला, तेव्हा घरच्या घरी टोमॅटो पिकविण्याची चर्चा सर्वत्र झाली. या संदर्भात मिळणारे बरेचसे मार्गदर्शन घाटावरील कोरड्या हवामानास अनुसरून असते. ते कोकणात जसेच्या तसे लागू पडत नाही. येथील अडचण कोणती, कुंडीत कोणते झाड लावावे आणि त्यापासून वास्तवात काय अपेक्षावे, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

2. जमिनीची अडचण : जीवाणूजन्य मर

कोकणातील उष्ण, दमट व आम्लधर्मी जमिनीत टोमॅटोचा मोठा शत्रू म्हणजे जीवाणूजन्य मर रोग होय. 'राल्स्टोनिया सोलॅनेसिअरम' हा जीवाणू मुळांतून शिरून झाडाच्या जलवाहिन्या बंद करतो. पाने पिवळी न पडता हिरवीगार असतानाच झाड एकाएकी माना टाकते. रोगाची खात्री करण्याची पद्धत सोपी आहे. खोडाचा ताजा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या काचेच्या पेल्यात धरल्यास कापलेल्या भागातून दुधाळ धागे खाली उतरताना दिसतात. हा जीवाणू जमिनीत अनेक वर्षे टिकतो. वांगी, मिरची, बटाटा व आले यांवरही तो जगतो आणि नेमकी हीच पिके परसात वारंवार घेतली जातात. एकदा रोग लागलेल्या जागी फवारणीने तो आटोक्यात येत नाही.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, प्रतिकारक वाणांचा वापर. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचे 'अर्का आभा' व 'अर्का आलोक' हे वाण याच हेतूने विकसित झाले आहेत. दुसरा, वांग्याच्या प्रतिकारक खुंटावर टोमॅटोचे कलम बांधणे. तिसरा व घरगुती प्रमाणावर सर्वांत सुलभ उपाय म्हणजे रोगट जमिनीशी झाडाचा संबंधच तोडणे, अर्थात कुंडीत लागवड करणे. म्हणजे शहरात कुंडी जागेअभावी वापरली जाते, तर कर्जत-खालापुरात परसात पुरेशी जागा असलेल्या कुटुंबालाही तिचे प्रयोजन आहे.

3. हवामान व लागवडीचा काळ

या भागात वर्षाकाठी 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत एकवटलेला असतो. या काळात ढगाळ हवा, सतत ओली पाने व करपा यांमुळे टोमॅटो टिकत नाही. उलट मार्चपासून दिवसाचे तापमान 35 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ लागते आणि एप्रिल-मेमध्ये ते 40 अंशांपर्यंत पोहोचते. टोमॅटोची फळधारणा रात्रीचे तापमान साधारण 15 ते 20 अंश असताना उत्तम होते. उष्णता वाढली की परागकण निकामी होतात व फुले गळतात. 30 अंशांवर फळातील लायकोपीन हे तांबडे रंगद्रव्य नीट तयार होत नाही, त्यामुळे फळ पिवळट-नारिंगी राहते.

म्हणून येथे सप्टेंबरच्या उत्तरार्धात छपराच्या आडोशाला बी पेरावे, 25 ते 30 दिवसांची रोपे ऑक्टोबरमध्ये कुंडीत लावावीत आणि डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात फळे घ्यावीत. अनेक वाड्यांवर एप्रिल-मेमध्ये पिण्याच्या पाण्याचीही टंचाई असते. मार्चपर्यंत पीक संपविणे त्या दृष्टीनेही आवश्यक ठरते.

4. ठेंगणेपणाचे शास्त्र

कुंडीसाठी 'लहान झाड' हवे असे म्हणताना दोन भिन्न गुणांची गल्लत होते. पहिला गुण मर्यादित वाढीचा. अमर्यादित वाढीच्या टोमॅटोत दर तीन पानांनंतर एक फुलोरा येतो आणि शेंडा वाढतच राहतो. 1914 मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडात एक नैसर्गिक उत्परिवर्तन आढळले. त्यात फुलोऱ्यांमधील पानांची संख्या घटत जाऊन अखेरीस फुलोऱ्यातच फांदीची वाढ थांबते. या गुणास 'सेल्फ प्रूनिंग', म्हणजे स्वयंछाटणी, असे नाव मिळाले. त्यास कारण असलेल्या जनुकाची ओळख 1998 मध्ये पटली.

दुसरा गुण खऱ्या ठेंगणेपणाचा. यात ब्रॅसिनोस्टेरॉइड या वनस्पती-संप्रेरकाची निर्मिती कमी झाल्याने पेरे आखूड राहतात, पाने जाड व गडद हिरवी होतात. 1989 मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाने प्रसारित केलेला 'मायक्रो-टॉम' हा वाण दोन्ही गुण एकत्र आल्याचे उदाहरण होय. त्याचे झाड सुमारे वीतभरच वाढते. 2019 मध्ये अमेरिकेच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेतील संशोधकांनी जनुक-संपादनाने तीन जनुकांत बदल घडवून चेरी टोमॅटोचे आटोपशीर, लवकर फळणारे झाड तयार केले. नागरी शेती हाच त्या संशोधनाचा घोषित हेतू होता.

या भेदाचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. बगलफुटी खुडाव्यात हा प्रचलित सल्ला अमर्यादित वाढीच्या, ताटीवर चढविलेल्या झाडांसाठी आहे. मर्यादित वाढीच्या झाडाच्या बगलफुटी खुडल्यास फळ देणाऱ्या फांद्याच नाहीशा होतात. तसेच अशा झाडाची बहुतेक फळे थोड्या आठवड्यांत एकदम येतात. सलग पुरवठा हवा असल्यास पंधरा-वीस दिवसांच्या अंतराने दोन टप्प्यांत पेरणी करावी. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा 'पुसा अर्ली ड्वार्फ' हा मर्यादित वाढीचा, लवकर येणारा वाण आहे. तो संकरित नसल्याने त्याचे बी घरी राखता येते. मात्र तो मररोगास प्रतिकारक नाही. म्हणून कुंडीतील मातीची निवड निर्णायक ठरते.

5. कुंडी, माती व पाणी

मध्यम मर्यादित वाढीच्या झाडास किमान 15 लिटर मातीची व एक फूट खोलीची आवश्यकता असते. अतिठेंगण्या वाणास दोन लिटरही पुरतात. खाद्यतेलाचे 15 किलोचे रिकामे डबे बुडाशी व बाजूस भोके पाडून उत्तम उपयोगी पडतात. पाताळगंगा-रसायनी व खोपोली येथील औद्योगिक पट्ट्यामुळे या भागात वापरलेली प्लॅस्टिकची पिंपे स्वस्तात मिळतात. ज्या पिंपात पूर्वी काय साठविले होते हे निश्चित ठाऊक नाही, असे पिंप भाजीसाठी कदापि वापरू नये. नुसते धुऊन ते सुरक्षित होत नाही.

माती परसातील वांगी-मिरचीच्या जागेची घेऊ नये. दीर्घकाळ पाण्याखाली राहणाऱ्या भातखाचरात या जीवाणूचे प्रमाण घटते. म्हणून तेथील मातीत जोखीम तुलनेने कमी असते, नाहीशी मात्र होत नाही. अशी माती, चांगले कुजलेले शेणखत आणि भातगिरणीतून मिळणारा अर्धवट जळलेला तूस समप्रमाणात मिसळल्यास निचरा उत्तम राहतो. भातरोपांसाठी राब भाजण्याची कोकणातील जुनी प्रथा ही मातीस उष्णता देऊन तण व रोगजंतू कमी करण्याचीच रीत आहे. कुंडीच्या मातीसाठी मात्र लाकूडफाटा जाळण्याची गरज नाही. एप्रिल-मेमध्ये ओलसर मातीचा पातळ थर पारदर्शक प्लॅस्टिकखाली चार ते सहा आठवडे घट्ट झाकून ठेवल्यास उन्हानेच हे कार्य बऱ्याच अंशी साधते.

भर वाढीतील एका झाडास दिवसाला सुमारे दीड लिटर पाणी लागते. दहा डब्यांना 15 लिटर, म्हणजे साधारण एक हंडा. हा हंडा बहुधा घरातील स्त्रीच वाहून आणते, हे कोणत्याही योजनेने विसरू नये. तांदूळ व भाजी धुतलेले, साबण नसलेले पाणी त्यासाठी राखल्यास हा भार बराच हलका होतो. भिवपुरी विद्युतगृहातून सुटणाऱ्या पाण्यावरील राजनाला कालव्यालगतची गावे व उंचावरील वाड्या यांच्या परिस्थितीत या बाबतीत मोठे अंतर आहे. पाणी एक दिवस भरपूर व दोन दिवस मुळीच नाही, असे झाल्यास फळाच्या बुडाशी काळा, सुकलेला डाग पडतो. हा रोग नसून फळाला कॅल्शियम न पोहोचल्याचा परिणाम आहे. नियमित पाणी हाच त्यावरील उपाय होय.

किडींपैकी पर्णगुच्छ विषाणू पसरविणाऱ्या पांढऱ्या माशीकडे विशेष लक्ष द्यावे. रोपे बारीक जाळीखाली वाढवावीत आणि आकसलेल्या पानांचे झाड लगेच उपटावे.

6. उत्पन्नाचा हिशेब

नीट निगा राखल्यास 15 लिटरच्या डब्यातील एक झाड साधारणतः दीड ते दोन किलो फळे देते, वीतभर उंचीचे झाड पाव किलोच्या आसपास. दहा डब्यांतून 15 ते 20 किलो टोमॅटो मिळतात. परंतु हिवाळ्यात बाजारभावही उतरलेला असतो. किलोस 20 रुपये धरल्यास ही बचत 300 ते 400 रुपयांचीच होते. भाव चढतो तो पावसाळ्यात, आणि तेव्हा येथे कुंडीतही टोमॅटो येत नाही. म्हणजे कुंडीतील टोमॅटो भाववाढीवरचा उपाय आहे, हे म्हणणे या तालुक्यांपुरते टिकत नाही. विकतच्या कुंड्या व तयार माती वापरल्यास हा व्यवहार तोट्याचाच ठरतो.

त्याचे मोल आहारात आहे. 100 ग्रॅम टोमॅटोत सुमारे 25 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते आणि ते नाचणी, वाल यांसारख्या अन्नातील लोहाच्या शोषणास मदत करते. ज्या घरात रोख पैशाअभावी भाजी हा पहिला काटछाटीचा विषय होतो, तेथे दारातले पिकलेले फळ मुलांच्या पोटात जाते. ही बाब रुपयांच्या हिशेबात येत नाही.

7. समारोप

कर्जत येथे 1919 पासून भात संशोधनाची परंपरा आहे आणि 1972 मध्ये स्थापन झालेल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक संशोधन केंद्रही तेथेच आहे. भातावर झालेले सखोल काम परसबागेस मात्र क्वचितच लाभते. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवारा'च्या माध्यमातून सामान्य माणसाने आपल्या अंगणात मोजमाप करून प्रयोग करावा, हा विचार महाराष्ट्रात रुजविला. महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांना व राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकांना त्या मार्गाने जाता येईल. एकच वाण काही घरी जमिनीत व डब्यात शेजारी-शेजारी लावून मेलेल्या झाडांची संख्या, रोजचे पाणी व फळांचे वजन यांची नोंद सलग तीन हंगाम ठेवली, तर वाड्यांवरील कुटुंबांना स्थानिक आधार असलेला सल्ला देता येईल. तोपर्यंत ऑक्टोबरात लावावे, मार्चपूर्वी आटोपावे आणि मातीची पारख प्रथम करावी, एवढे सूत्र निश्चितपणे सांगता येते.