जिन्याखालची माणसं, वरचा घरमालक

'द पीपल अंडर द स्टेअर्स' (१९९१). लेखन-दिग्दर्शन : वेस क्रेव्हन. खर्च सुमारे ६० लाख डॉलर, गल्ला तीन कोटींच्या वर.

लॉस एंजेलिसच्या कृष्णवर्णीय वस्तीत राहणाऱ्या, नुकत्याच तेरा वर्षांच्या झालेल्या 'फूल' या मुलाची आई कॅन्सरनं आजारी आहे. त्यात भाडं थकलं म्हणून घर खाली करण्याची नोटीस. घरमालकाकडे सोन्याची नाणी दडवलेली आहेत असं कळल्यावर तो तिथं चोरीला शिरतो आणि आत अडकतो. भुताखेतांचा पत्ता नाही. भीती आहे ती गरिबांची घरं रिकामी करून श्रीमंत झालेल्या या घरमालक जोडप्याची. ही दोघं सख्खी भावंडं, पण एकमेकांना 'डॅडी' आणि 'मॉमी' म्हणतात. चोरून आणलेल्या ज्या मुलांनी नको ते पाहिलं, ऐकलं किंवा बोललं, त्यांना विद्रूप करून तळघरात कोंडलेलं आहे.

डॅडी-मॉमी साकारणाऱ्या एव्हरेट मॅकगिल आणि वेंडी रोबी यांचा अभिनय मुद्दाम भडक आहे. डॅडी नखशिखांत काळ्या चामड्याचा पोशाख चढवतो आणि स्वतःच्याच घराच्या भिंतींवर बंदूक झाडत सुटतो, तेव्हा हसू येतं आणि अंगावर काटाही. माझ्या मते हा भडकपणाच चित्रपटाचं बळ आहे. संयमित अभिनयात ही हाव इतकी किळसवाणी वाटली नसती. 'ट्विन पीक्स' मालिकेत हेच दोघं कलाकार नवरा-बायको होते. कथेचं बीज क्रेव्हनला एका बातमीत सापडलं : घरफोडीच्या तपासाला गेलेल्या पोलिसांना आत कोंडून ठेवलेली मुलं आढळली होती.